शर्यत नव्हे, कसोटी: मोटारींच्या एका विस्मृत खेळाविषयी

१९०८ साली मुंबईहून काही मोटारी कोल्हापूरच्या दिशेने निघाल्या. एकूण पल्ला ६२० मैलांचा, म्हणजे जवळजवळ एक हजार किलोमीटरचा, आणि वाटेत सहा घाट. त्या मोटारींत रोल्स-रॉइस कंपनीची एक सहा सिलिंडरांची गाडी होती. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचा मोती, हे तिचे नाव. या दौडीत तिने नाव काढले आणि पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. हिंदी संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसवेडाच्या कथा अनेकदा येथून सुरू होतात, आणि तेथेच त्या कथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट निसटते.

ती गोष्ट अशी की, ही शर्यत नव्हती.

सर्वांत आधी कोण पोहोचतो, हा प्रश्नच तेथे नव्हता. गाडी वाटेत कितीदा थांबली, कशामुळे थांबली, घाट स्वतःच्या बळावर चढली की ढकलावी लागली, याची नोंद हा त्या स्पर्धेचा गाभा होता. इंग्रजीत अशा स्पर्धेला ‘रिलायबिलिटी ट्रायल’ म्हणत. मराठीत तिला कसोटी म्हणणे मला अधिक योग्य वाटते. सोने घासून पाहण्याच्या काळ्या दगडावरून आलेला हा शब्द क्रिकेटवाल्यांनी कधीच उचलला. मोटारवाल्यांनी मात्र उचलला नाही.

मित्रहो, हा धागा शहागडहून लिहीत आहे. धुळे-सोलापूर महामार्ग जेथे गोदावरी ओलांडतो, ते हे गाव. अलीकडच्या काठाला जालना जिल्ह्याचा अंबड तालुका, पलीकडे बीड जिल्ह्याचा गेवराई. रस्ता चौपदरी झाल्यापासून मोटारीचा खेळ म्हणजे रात्री महामार्गावर काटा किती वर नेता येतो ते पाहणे, अशी समजूत येथल्या तरुणांत रुजली आहे, आणि ती काही एकट्या शहागडची नाही. ‘मोटारस्पोर्टची आवड आहे, पण आपल्यासारख्याने सुरुवात कुठून करायची?’ असे जेव्हा कुणी विचारते, तेव्हा माझ्या मते त्याचे उत्तर इतिहासात आहे. या खेळाची आपल्याकडची सुरुवात वेगापासून झालेलीच नाही.

मुळाकडे जाऊ. १९०० सालच्या एप्रिल-मे महिन्यांत ब्रिटनच्या ऑटोमोबाइल क्लबने ‘हजार मैलांची कसोटी’ भरवली. क्लबचे चिटणीस क्लॉड जॉन्सन यांनी तिची आखणी केली. हेच गृहस्थ पुढे रोल्स-रॉइसचे व्यवस्थापक झाले. ६५ वाहने लंडनहून निघाली आणि ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, एडिंबरा अशी फिरून परत आली. त्या काळी ब्रिटिश रस्त्यांवर ताशी १२ मैलांची वेगमर्यादा होती. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे तेथे शक्यच नव्हते. फ्रान्समध्ये ते शक्य होते, आणि त्याचा परिणाम १९०३ मध्ये दिसला. पॅरिस-माद्रिद शर्यतीत चालक आणि प्रेक्षक यांचे इतके बळी गेले की सरकारने ती बोर्दो येथेच थांबवली. म्हणजे ब्रिटिशांनी कसोटी निवडली ती काही केवळ शहाणपणाने नव्हे. कायद्याने त्यांना दुसरी वाट ठेवली नव्हती. परंतु त्या अडचणीतून एक वेगळाच खेळ जन्माला आला, हे खरे.

तोच नमुना मुंबईत आला. ‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेने १९०४-०५ च्या हिवाळ्यात दिल्ली ते मुंबई अशी कसोटी भरवली. हिंदुस्थानातल्या मोटार-स्पर्धांचा आरंभ सहसा तेथून धरतात. गाड्या विकणाऱ्यांना त्यात बाजारपेठ दिसत होती, लष्कराला वाहतुकीचे नवे साधन, आणि संस्थानिकांना मिरवण्याची संधी. हौस होतीच, पण तिच्या पाठीशी हिशेब होता.

१९०८ च्या कोल्हापूर दौडीत हा हिशेब अगदी उघडा दिसतो. आदल्याच वर्षी रोल्स-रॉइसने ब्रिटनमध्ये आपली ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडी स्कॉटलंडच्या कसोटीत उतरवली होती, आणि त्यानंतर क्लबच्या पंचांसमोर सलग १४,३७१ मैल चालवली होती. नंतर ती खोलून प्रत्येक भाग मोजला गेला. गाडी पुन्हा नव्यासारखी करण्यास लागलेल्या सुट्या भागांची किंमत निघाली दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स! जाहिरात म्हणून याहून चांगला आकडा कोणता? पण इंग्लंडचे रस्ते ते इंग्लंडचे रस्ते. वसाहतीतल्या गिऱ्हाइकाचा सवाल वेगळा होता: आमच्या धुळीत, आमच्या उन्हात, आमच्या घाटांत ही गाडी टिकेल काय? त्याचे उत्तर सह्याद्रीत द्यावे लागणार होते.

आता जरा तो रस्ता डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून पुण्याकडे जाताना बोरघाट लागतो. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, तो चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला. पुण्याच्या दक्षिणेस कात्रज, पुढे साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकी. हे घाट बांधले गेले ते बैलगाडी, टांगा आणि तोफगाडी यांच्यासाठी. मुंबई-कोल्हापूर सरळ वाटेने जाऊन-येऊन सुमारे पाचशे मैल भरतात. पल्ला ६२० मैलांचा होता, तेव्हा आयोजकांनी सरळ वाट धरली नव्हती हे उघड आहे. घाट हीच परीक्षा होती आणि त्यासाठी वाट वाकडी करणेही मान्य होते.

चढ कठीण हे सर्वांना कळते. १९०८ च्या गाडीला उतारही तितकाच कठीण होता, कारण त्या काळी पुढच्या चाकांना ब्रेक नसत. मागच्या चाकांवर आणि आसावर जो काही दाब येईल तेवढ्यावर दीड-दोन टनांचे धूड वळणावळणांनी खाली आणायचे. ब्रेक तापले की पकड सुटे. म्हणून शहाणा चालक ज्या गियरमध्ये चढला असता त्याच गियरमध्ये उतरे आणि इंजिनालाच लगाम करी. आजही एसटीचा मुरब्बी ड्रायव्हर घाट असाच उतरतो. चढताना पाणी उकळे, टायर फुटत. त्या काळचे टायर फुटणे ही बातमी नव्हती, वेळापत्रकाचा भाग होता.

येथे एक प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला टोचल्यावाचून राहत नाही. या स्पर्धांना ‘हौशी’ म्हणत. हौशी कोण? ज्याच्याकडे गाडी आहे तो. आणि १९०८ मध्ये गाडी होती गोऱ्या अधिकाऱ्याकडे, धनाढ्य व्यापाऱ्याकडे, संस्थानिकाकडे. चाक फुटल्यावर धुळीत गुडघे टेकणारा, पाण्यासाठी विहीर शोधणारा, रात्रभर वंगण घालणारा मिस्त्री किंवा क्लीनर हा हौशी नव्हता. तो नोकर होता. मोटारीचे नाव शंभर वर्षे टिकले. त्या माणसाचे टिकले नाही.

आणि शहागड तेव्हा कुठे होते? निजामाच्या हैदराबाद राज्यात. गोदावरीसारख्या नद्या अनेक ठिकाणी पावसाळ्यात नावेने आणि उन्हाळ्यात उताराने ओलांडल्या जात, त्या काळात. मराठवाड्यातल्या सामान्य माणसाची मोटारीशी ओळख झाली ती खेळामुळे नव्हे, तर सर्व्हिस मोटारीमुळे. १९३२ च्या जूनमध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने रस्ते-वाहतूक विभाग सुरू केला. आरंभी गाड्या २७ आणि नोकर १६६. स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या त्या बसगाड्या. सरकारी मालकीची बससेवा ही कल्पना हिंदुस्थानात येथे आधी रुजली, हे मराठवाड्याच्या इतिहासात पुरेसे सांगितले जात नाही. पण धाग्याच्या दृष्टीने मुद्दा निराळा: आपल्याकडे मोटार आली ती भाडे देऊन बसण्याची वस्तू म्हणून. तिच्याशी खेळता येते ही कल्पना येण्यास तीन पिढ्या जाव्या लागल्या.

ब्रिटनमध्ये मात्र कसोटीचे रूप झपाट्याने बदलले. तेथल्या ‘मोटर सायकलिंग क्लब’ने १९०४ मध्ये लंडन-एडिंबरा, १९०८ मध्ये लंडन-लँड्स एंड आणि १९१० मध्ये लंडन-एक्झिटर अशा दौडी सुरू केल्या. त्यांचा वारसा आजही चालू आहे. गाड्या सुधारल्या तसा डांबरी रस्त्यावर कस लागेना. तेव्हा आयोजकांनी स्पर्धकांना चिखलाच्या पाऊलवाटांवर आणि खडकाळ टेकड्यांवर नेले. १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन ही छोटी, स्वस्त गाडी आली आणि शिक्षक, कारकून, मेकॅनिक हेही या खेळात उतरले. हौशी या शब्दाचा अर्थ तेथे असा बदलला.

हा खेळ चालतो तरी कसा? चढाचा एक तुकडा निवडतात, दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून वाट आखतात आणि त्या वाटेवर टप्प्याटप्प्याने आकडे लावतात. गाडीने न थांबता जाता येईल तितके वर जायचे. चाके जेथे थबकली किंवा खुंटीला धक्का लागला, तेथला आकडा हा तुमचा दंड. अगदी माथ्यापर्यंत गेलात तर दंड शून्य. दिवसभरात असे अनेक तुकडे. ज्याचा दंड सर्वांत कमी तो जिंकला. घड्याळ बहुतेक वेळा लागतच नाही. वेग माणसाच्या चालीइतका किंवा थोडा अधिक. शेजारी बसणारा सोबती हा निव्वळ प्रवासी नसतो. चाक घसरू लागले की तो आपले वजन मागे किंवा बाजूला टाकतो, प्रसंगी बसल्या जागी उसळ्या मारतो. पाहणाऱ्याला हसू येते, पण त्या उसळीने चाकाला क्षणभर पकड मिळते.

यातले शास्त्र शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा डिफरन्शियल असतो. एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की ताकद तिकडेच वाहून जाते आणि कोरड्यावरचे चाक नुसते उभे राहते. ब्रिटनच्या खास कसोटीच्या गाड्यांत यावर उपाय म्हणून मागच्या डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळे ब्रेक देतात. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला आवळले की ताकद दुसऱ्याकडे जाते, शिवाय गाडी जागच्या जागी वळतेही. आता आपला ट्रॅक्टर आठवा. तास संपल्यावर धुऱ्यावर वळताना आपण एकाच बाजूचा ब्रेक दाबतो, तो हाच. ज्या कौशल्यासाठी इंग्लंडातला हौशी मनुष्य खास गाडी बांधून घेतो, ते गोदाकाठच्या काळ्या रानात दर नांगरटीला वापरले जाते.

मग आपल्याकडे हा खेळ का रुजला नाही? रानाची तर कमतरता नव्हती. कारण गाडीच नव्हती. स्वातंत्र्यानंतर तीन दशके मोटार ही परवाने आणि प्रतीक्षायादी यांच्या आड होती. फियाट किंवा ॲम्बॅसेडर मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे थांबलेला मनुष्य ती मुद्दाम चिखलात कशाला घालील? क्लब होते ते मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे. मुंबईची ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ १९१९ सालची, पण तिचे जग शहराचे होते.

तरी एकदा सारे जग आपल्या रस्त्यांवरून गेले. १९६८ च्या नोव्हेंबरात लंडन ते सिडनी ही महादौड निघाली. ९८ गाड्या सुटल्या, त्यांतल्या ७२ दिल्लीवरून मुंबईला पोहोचल्या आणि ‘चुसान’ या जहाजाने ऑस्ट्रेलियाकडे रवाना झाल्या. मुंबईपर्यंत रॉजर क्लार्क पुढे होता. जिंकला अँड्र्यू कोवन, हिलमन हंटर या साध्या घरगुती गाडीत. पुढचे कितीतरी वेगवान चालक वाटेत मोडून पडले आणि टिकला तो जिंकला. साठ वर्षांपूर्वीच्या कसोटीचे तत्त्व एवढ्या मोठ्या रंगमंचावर पुन्हा खरे ठरले.

त्यानंतरची हकिगत थोडक्यात. १९७१ मध्ये भारतातल्या मोटार क्रीडा क्लबांचा महासंघ स्थापन झाला. आज अधिकृत स्पर्धेसाठी लागणारा परवाना त्याच्याकडूनच मिळतो. १९८० मध्ये मुंबईच्या नाझिर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली. मारुती ८०० ने प्रतीक्षायादी मोडली, जिप्सीने रॅलीवाल्यांना हत्यार दिले. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही चारचाकी-ओढीच्या गाड्यांची स्पर्धा भरते. चिखल, ओढे, चढ यांचे आखलेले टप्पे पाहता ती कसोटीची थेट नातलग आहे. फक्त तिचा खर्च आपल्या आवाक्यातला नाही.

आवाक्यातले काय, तर दोन वाटा.

पहिली, वेळ-वेग-अंतर रॅली. इंग्रजी आद्याक्षरांनी ती ‘टीएसडी’ म्हणून ओळखली जाते. १९०४-०५ च्या दौडीची ही खरी वारसदार. रोजची गाडी चालते, रस्ता खुलाच असतो, वाहतुकीचे सारे नियम लागू राहतात. आयोजक सरासरी वेग ठरवून देतात आणि वाटेत कुठेतरी, आधी न सांगितलेल्या जागी, वेळ टिपणारे पंच बसवतात. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोहोचलात तर बहुधा त्याहून मोठा दंड! समजा १८ किलोमीटर ताशी ३६ च्या सरासरीने जायचे आहे. म्हणजे नेमकी ३० मिनिटे. पहिल्या ६ किलोमीटरांत उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या आणि १२ मिनिटे गेली. तुम्ही दोन मिनिटे मागे आहात. उरलेले १२ किलोमीटर १८ मिनिटांत, म्हणजे ताशी ४० ने, काढावे लागतील. हे गणित चालत्या गाडीत सतत करत राहणारा सोबती येथे चालकाइतकाच मोलाचा. सरावाला पैसे लागत नाहीत: महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडांवरून आपल्या गाडीचा अंतरमापक किती चुकतो ते आधी मोजा. मुंबईत वेस्टर्न इंडिया असोसिएशनची महिलांची रॅली याच पद्धतीने भरते आणि तिच्यात घरच्या गाड्या घेऊन स्त्रिया उतरतात.

दुसरी वाट ही कसोटीच, छोट्या प्रमाणावर, स्वतःच्या रानात. येथे कायदा समजून घ्यायला हवा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महामार्गावरची रात्रीची पैज याच कलमात बसते. खासगी, लोकांचा वावर नसलेल्या जमिनीवर, न थांबता चढ चढण्याचा प्रयत्न हा प्रकार निराळा. तरी जमीनमालकाची लेखी परवानगी घ्या, पोलीस ठाण्याला कळवा, आणि प्रवेश फी घेऊन स्पर्धा भरवायची असेल तर मान्यताप्राप्त क्लबमार्फतच भरवा. नदीचे पात्र मात्र नको. ती कुणाची खासगी जमीन नाही, आणि वाळूच्या टिपरांनी तिचे आधीच पुरेसे हाल केले आहेत.

रान निवडताना पीक निघालेले, मुरमाड, सौम्य चढाचे घ्या. उलटण्याइतका आडवा उतार टाळा. काळ्या मातीवर पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस थांबा, नाहीतर कसोटी गाडीची न होता ओढून काढणाऱ्या ट्रॅक्टरची होईल. डिकी रिकामी करा, सीट बेल्ट लावा, बॅटरी घट्ट बांधा. सोबत्याने आमच्याकडे उसळ्या मारू नयेत. वजन मागे टाकणे बेल्ट बांधूनही जमते. प्रेक्षक गाडीच्या खालच्या बाजूस कधीही उभे नकोत. टायरमधली हवा थोडी कमी केली तर पकड वाढते. परतताना ती पुन्हा भरूनच डांबरावर या. चढाला लागण्याआधी गियर ठरवा, मध्येच बदलू नका. चाक फिरू लागले की पाय दाबण्याचा मोह होतो. तो आवरून पाय किंचित उचलला तर अनेकदा चाक पुन्हा जमीन धरते.

पंचाच्या हाती एक वही द्या. प्रत्येक तुकड्याला गाडीचा क्रमांक, कोणत्या खुंटीशी चाक थांबले, आणि नावे दोन लिहा: चालवणाऱ्याचे व शेजारी बसणाऱ्याचे. ट्रॅक्टर घेऊन बांधावर थांबलेला जो कुणी असेल, त्याचेही लिहा.